रिंगमधलं कौशल्य रस्त्यावर उतरवताना

1988 च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात माइक टायसन आणि मिच ग्रीन या दोन मुष्टियोद्ध्यांची एका दुकानाबाहेर जुंपली. टायसन तेव्हा हेवीवेटचा जगज्जेता. ग्रीनचा डोळा सुजून बंद झाला, पण टायसनच्या उजव्या हाताचं हाडही मोडलं आणि फ्रँक ब्रुनोशी ठरलेली लढत पुढे ढकलावी लागली. ठोसा बरोबर लागला, कारण तो हलत्या, उलट मारणाऱ्या माणसांवर हजारो वेळा मारून झाला होता. हात मोडला, कारण त्या सगळ्या सरावात हाताला पट्टी होती आणि वर ग्लोव्ह.

लढाऊ खेळातून स्वसंरक्षणाकडे जाताना ही दोन्ही टोकं एकदम सांभाळायची असतात. खेळानं दिलेलं ठेवायचं, खेळानं लावलेल्या चुकीच्या सवयी तेवढ्या काढायच्या. पुढची पद्धत प्रौढ वयात नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे, तशीच तालमीत किंवा क्लबात आधीपासून जाणाऱ्यांसाठीही.

खेळ का शिकायचा

जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्यूदोची शाळा सुरू केली. जुजुत्सू या जुन्या जपानी लढाऊ कलेतले इजा करणारे प्रहार आणि घातक डाव त्यांनी मोकळ्या झुंजीच्या सरावातून बाजूला काढले. उरलेले डाव मग शिष्यांना पूर्ण ताकदीनं, विरोध करणाऱ्या जोडीदारावर, रोजच्या रोज मारता येऊ लागले. सगळ्या लढाऊ खेळांचं बळ इथून येतं. 'डोळ्यांत बोटं घाला, गुडघ्यावर लाथ हाणा' असं शिकवणाऱ्या दोन दिवसांच्या शिबिरात यातलं काहीच कुणावर खरंखुरं करून बघता येत नाही. जोडीदार मनगट धरून शांत उभा राहतो, आपण झटका देऊन ते सोडवतो, टाळ्या पडतात. खरा हल्लेखोर एका हातानं मनगट धरतो तेव्हा दुसऱ्या हातानं ओढत किंवा मारत असतो.

अंतराचा अंदाज, वेळ साधणं, तोल आणि मार बसल्यावरही डोळे उघडे ठेवणं, या चार गोष्टी विरोधाशिवाय येत नाहीत. म्हणून आमचं मत स्पष्ट आहे: फक्त 'स्वसंरक्षण तंत्रं' शिकवणाऱ्या वर्गापेक्षा आठवड्याला स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराशी मोकळ्या झुंजीचा सराव, होणारा कोणताही साधा खेळ चांगला.

आता उणी बाजू. लढतीत दोघं जवळपास एका वजनाचे असतात, मध्ये पंच असतो, पायाखाली गादी किंवा माती असते, वेळ ठरलेली असते. ऑलिंपिक बॉक्सिंगमध्ये 3 मिनिटांच्या 3 फेऱ्या, फ्रीस्टाइल कुस्तीत 3 मिनिटांचे 2 भाग, एमएमएमध्ये (मिक्स्ड मार्शल आर्ट्स, ठोसे-लाथा-कुस्ती सगळं चालणारा खेळ) सहसा 5 मिनिटांच्या 3 फेऱ्या. पण या सगळ्याहून मोठा फरक सुरुवातीचा. आखाड्यात सलामी होते, मग खडाखडी. रस्त्यावर 'किती वाजले?' किंवा 'माचिस आहे का?' असं विचारत माणूस हातभर अंतरावर येतो आणि पहिला फटका तिथून, बहुधा बाजूनं येतो. खेळाडू हरतो तो बऱ्याचदा इथेच. लढत सुरू झाल्याचं त्याला कळलेलंच नसतं.

आधी ओळखा: भांडण की हल्ला

भांडणात दोन अहंकार असतात. गाडीला गाडी घासते, कुणी 'काय बघतोस रे?' म्हणतो, शिव्या, छाती पुढे, ढकलाढकल, ठोसा. हा क्रम जवळजवळ ठरलेला असतो आणि तो कोणत्याही टप्प्यावर तोडता येतो. नव्यानं शिकलेले लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, कारण आपल्याला येतंय हे दाखवायची खाज असते. 'चुकलं माझं दादा, जाऊ द्या' एवढं म्हणून निघून जा. चूक कुणाची होती हे तिथे ठरवायची गरज नाही. चारचाकीत असाल तर काचा वर, दारं लॉक, गाडी गिअरमध्ये. खाली उतरायचं नाही आणि पुढच्या वाहनाच्या मागे थांबताना त्याची मागची चाकं दिसतील एवढी जागा सोडायची, म्हणजे बाहेर काढता येते. दुचाकीवर असाल आणि थांबावंच लागलं तर हेल्मेट काढू नका. सभ्यपणा म्हणून लोक ते आधी काढून हातात घेतात. डोक्यावरचं एकमेव संरक्षण आपणच उतरवलेलं असतं आणि हातातलं हेल्मेट समोरच्याला हत्यार वाटतं.

हल्ला करणाऱ्याला आपल्याकडून काहीतरी हवं असतं. पैसे किंवा मोबाइल हवा असेल तर द्या. पाकीट त्याच्या हातात ठेवण्यापेक्षा त्याच्या एका बाजूला दोन-तीन मीटर लांब फेका आणि उलट दिशेला पळा. सोनसाखळीच्या चोरीत दागिना घट्ट पकडून ठेवल्यामुळे बाई मोटारसायकलबरोबर ओढली जाते आणि डोक्यावर पडते. साखळी सोडा, गाडीचा नंबर बघा. रस्त्यानं चालताना समोरून वाहनं येतील अशा बाजूनं, पदपथाच्या आतल्या कडेनं चालावं.

त्याला वस्तू नको, तुम्हीच हव्या असाल, म्हणजे गाडीत ढकलणं, गल्लीत ओढणं सुरू झालं, तर गणित पूर्ण उलटं. दुसऱ्या जागी जायचं नाही. पहिल्याच जागी, पहिल्याच सेकंदाला, ओरडत आणि सगळ्या ताकदीनं प्रतिकार करायचा, कारण लोक, उजेड आणि पळायच्या वाटा तिथेच सगळ्यात जास्त असतात.

क्लास निवडताना

फी भरण्याआधी एक तासिका बसून बघा. पहिला अर्धा तास सगळीकडे सारखाच असतो, शेवटचा अर्धा तास बघायचा. शिकणारे एकमेकांविरुद्ध मोकळेपणानं लढतात का? नवख्याशी लढताना जुना माणूस जोर कमी करतो का? हार मानून थाप मारली की पकड लगेच सुटते का? दातांचं गार्ड नसलेल्याला स्पॅरिंगमधून बाहेर बसवतात का? चारही उत्तरं होकारार्थी असतील तर भिंतीवर कुणाचे फोटो आहेत याला महत्त्व नाही. बायका शिकायला येत असतील तर त्यांना पुरुषांशी, वजनदार जोडीदाराशीही सराव मिळतो का हे विचारा. उलट, 'आमचे डाव इतके घातक की स्पॅरिंग करता येत नाही' असं कुणी सांगितलं तर चहा घेऊन निघा.

गावात पर्याय फारसे नसतात. जवळ फक्त तालीम असेल तर तालमीत जा. कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात एमएमए जिम शोधत बसण्यापेक्षा चांगला वस्ताद असलेली तालीम शंभर वेळा बरी. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकीला कांस्य पदक मिळवलं ते याच मातीतून.

प्रत्येक खेळाची आपली एक खोड

कुस्ती. तोल, पकड, दम आणि माणूस उचलण्याची ताकद यांत तिला तोड नाही. पट काढून, म्हणजे पाय धरून, समोरच्याला खाली पाडणारा मल्ल रस्त्यावर धोकादायकच असतो. पण मल्ल डोकं पुढे आणि हात खाली ठेवून उभा राहतो, कारण तिथे ठोसा किंवा गुडघा येत नाही. दुसरी खोड याहून वाईट: चितपट होऊ नये म्हणून तो पालथा पडतो. डांबरावर पालथं पडणं म्हणजे पाठ आणि मानेची मागची बाजू दुसऱ्याला देणं, शिवाय काही दिसत नाही. धोबीपछाड किंवा कलाजंग मातीत निकाल देतात. फरशीवर त्यांनी कवटी फुटू शकते आणि प्रकरण थेट खुनाच्या कलमाकडे जाऊ शकतं. रस्त्यासाठी मल्लानं दोन गोष्टी घ्याव्यात: मान खेचून समोरच्याला वाकवून बाजूला होणं, आणि मागे जाऊन कंबर धरून त्याला बसवणं.

बॉक्सिंग. सगळ्यात लवकर उपयोगी पडणारा खेळ. सहा महिन्यांत माणूस ठोसा बघायला शिकतो, जे बहुतेकांना जन्मभर येत नाही. खोड हाताची: 10 किंवा 12 औंसांच्या ग्लोव्हमागे चेहरा झाकला जातो, उघड्या मुठींमागे झाकला जात नाही, मधून फटका शिरतो. आणि उघडी मूठ कपाळावर किंवा दातांवर बसली की करंगळीमागचं हाड मोडतं. त्या फ्रॅक्चरचं नावच 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' आहे.

ज्यूदो. कपड्याची पकड भारतीय रस्त्यावर फार कामाची. शर्ट, जॅकेट, ओढणी, सगळ्यांना लागू. पडण्याची कला तर अमूल्य. मात्र 2013 पासून स्पर्धात्मक ज्यूदोत उभ्यानं पायांना हात लावायला पूर्ण बंदी आहे, त्यामुळे पट काढायला आलेल्या माणसासमोर ज्यूदोवाला गोंधळतो. पडताना हात जमिनीवर आपटण्याची सवय गादीवर ठीक, सिमेंटवर कोपर जातं.

तायक्वांदो आणि कराटे. ऑलिंपिक तायक्वांदोत चेहऱ्यावर ठोसा मारता येत नाही, म्हणून हात खाली राहतात. उंच लाथेला ओल्या फरशीवर, जीन्समध्ये, चपलेत जागा नाही. क्योकुशिन कराटेत अंगावर फटके खऱ्या जोरानं बसतात, पण चेहऱ्यावर ठोसे नाहीत. या दोन्हींत असाल तर आठवड्यातला एक दिवस बॉक्सिंगला द्याच.

ब्राझिलियन जिउ-जित्सू. 1993 च्या पहिल्या यूएफसीत (वेगवेगळ्या लढाऊ कलांच्या खेळाडूंना एकमेकांशी भिडवणारी अमेरिकेतली स्पर्धा) जिउ-जित्सूच्या रॉयस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना जमिनीवर नेऊन हरवलं, त्यानंतर जमिनीवरच्या लढतीला कुणी हसलं नाही. अंगावर बसलेल्या वजनदार माणसाखालून निघणं शिकायला याहून चांगला खेळ नाही, बायकांसाठी तर विशेष. खोड अशी की खेळाडू स्वतःहून पाठीवर जातो आणि तिथे त्याला आरामात वाटतं. रस्त्यावर त्याचवेळी दुसरा माणूस डोक्यात लाथ घालायला मोकळा असतो.

मुए थाय (थायलंडचं, कोपर-गुडघे चालणारं बॉक्सिंग) आणि एमएमए सगळ्यात जवळचे. तरी तिथेही डोळ्यांत बोट, चावा, डोक्याच्या मागे फटका, खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ हे सगळं बाद. रस्त्यावर हे सगळं होतं.

पहिले तीन महिने

आठवड्याला तीन दिवस, 60 ते 75 मिनिटं. सामान थोडंच: साडेचार मीटरची हातपट्टी, स्पॅरिंगसाठी 16 औंसांचे ग्लोव्ह, गरम पाण्यात मऊ करून स्वतःच्या दातांवर बसवलेलं गार्ड, पुरुषांसाठी एल-गार्ड (जांघेचं गार्ड).

पहिले चार आठवडे उभं राहणं, चालणं, दोन सरळ ठोसे, झाकणं आणि पडणं. पाचव्या आठवड्यापासून हलकं स्पॅरिंग, 2 मिनिटांच्या 3 फेऱ्या, जोर चौथाई. नवव्यापासून आठवड्याला एकदा 4 फेऱ्या, त्यातली एक आपल्याहून 10 ते 15 किलो जड माणसाशी. ही एक फेरी टाळू नका. वजनगट नावाची गोष्ट किती मोठी आहे हे त्यातूनच कळतं आणि ताकदीनं ढकलायचा मोह जातो.

इथे बिघडतं ते जोरापायी. दोन नवखे एकमेकांना पूर्ण ताकदीनं डोक्यात मारू लागतात, कारण दोघांनाही 'खरं' हवं असतं. डोकं दुखलं, मळमळलं, प्रकाश सहन होईना, तर ती मेंदूला बसलेली इजा समजा. डॉक्टरांना दाखवा आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत स्पॅरिंग बंद. स्वतःचं संरक्षण शिकताना मेंदूला मार देणं हा सौदा वाईट आहे.

उघडे हात, दोन हातांचं अंतर

लढतीचा पवित्रा रस्त्यावर घेऊ नका. मुठी वर गेल्या की बघणारा प्रत्येक जण 'दोघं भिडले' असंच सांगेल आणि समोरचाही पेटेल. त्याऐवजी असं:

1. माणूस दोन हातांच्या अंतराच्या आत यायला लागला की अर्धं पाऊल मागे. एक पाय पुढे, एक मागे, वजन दोन्हींवर सारखं, गुडघे किंचित सैल.

2. दोन्ही तळवे छातीच्या उंचीवर, त्याच्याकडे उघडे. कोपरं बरगड्यांजवळ. बोलताना हातवारे करतोय असं दिसलं पाहिजे. हात इथे असले की ठोसा अडवायला निम्मा वेळ लागतो.

3. आवाज मोठा, वाक्य छोटं: 'थांबा. जवळ येऊ नका.' अनोळखी माणसाला मुद्दाम 'अहो-तुम्ही' म्हणा. आसपासच्यांना कळतं की हा घरगुती वाद नाही. 'अरे-तुरे' ऐकलं की लोक 'नवरा-बायकोचं असेल' म्हणून पुढे जातात.

4. बोलत बोलत बाजूला सरका, भिंत किंवा उभी गाडी पाठीशी येऊ देऊ नका. नजर त्याच्या छातीवर. खांदे आणि दोन्ही हात तिथूनच दिसतात. एक हात दिसत नसेल तर त्या हातात काहीतरी आहे असं धरून चाला.

5. दोनदा सांगूनही तो तुमच्या तळव्यापर्यंत आला आणि निघायला वाट नसेल, तर वाट बघत बसू नका. मुठीऐवजी तळहाताचा मनगटाजवळचा मांसल भाग हनुवटीखाली किंवा नाकावर, लागोपाठ तीन-चार वेळा, त्याला मागे रेटत. अंगाला चिकटलाच तर कोपर आणि गुडघा. तो मागे गेला किंवा वाकला, की पळा.

पाचव्या पायरीत लोक थांबतात. एक फटका बसला की काय झालं ते बघत उभे राहतात, कारण क्लासमध्ये गुण मिळाला की थांबायची सवय लागलेली असते. फटके आणि पळणं ही एकच हालचाल म्हणून शिका.

गर्दीच्या लोकलमध्ये यातलं निम्मं जमत नाही, हात वर करायलाच जागा नसते. तिथे पाय रुंद, कोपर शरीरापासून बाहेर, आणि आवाज. रेल्वेची मदत 139 वर मिळते.

खाली पडल्यावर

बहुतेक वर्गांत हा भाग शेवटची दहा मिनिटं घाईत उरकला जातो. खरं तर ठोशाआधी हा शिकवायला हवा, कारण रस्त्यावर माणसं ढकलल्यानं, घसरल्यानं, कपड्याला ओढल्यानं आधी पडतात. आणि एका ठोशानं मृत्यू झाल्याच्या घटनांत बऱ्याचदा जीव घेते ती जमीन. बेशुद्ध माणूस सरळ मागे पडतो आणि डोकं काँक्रीटवर आपटतं.

मागे पडताना हनुवटी छातीला टेकवा, पाठ गोल करा, आधी बूड मग पाठ अशी जमिनीला लावा, हात छातीशी. हात मागे टेकवायचा मोह होतो. त्यानं मनगट मोडतं. सुरुवात उकिडवं बसून करा, गादीवर 20 वेळा, दोन आठवड्यांनी उभ्यानं.

मग उठणं. गादीवर आरामात उठता येतं म्हणून कुणी याकडे लक्ष देत नाही. समोर माणूस उभा असताना दोन्ही हात टेकवून, मान खाली घालून उठणं म्हणजे लाथेला निमंत्रण. बरोबर पद्धत अशी (उजव्या हातानं सांगतोय, उलट बाजूही करा):

1. पाठीवर असताना पाय त्याच्याकडे. तो फिरला की तुम्हीही बुडावर फिरा. दोन्ही पायांनी त्याच्या नडगीवर, गुडघ्यावर लाथा, म्हणजे तो अंतरावर राहतो.

2. उजव्या कुशीवर या. डावं पाऊल जमिनीवर पूर्ण टेकलेलं, गुडघा वर. उजवा पाय त्याच्याकडे लांब.

3. उजवा हात बुडाच्या मागे, हातभर अंतरावर जमिनीवर. बोटं मागच्या दिशेला. डावा हात चेहऱ्यासमोर.

4. उजव्या पायानं एक जोरात लाथ. तो मागे सरकला की त्याच क्षणी, फक्त उजवा हात आणि डावं पाऊल यांवर कंबर उचला.

5. उजवा पाय अंगाखालून मागे घ्या आणि उजव्या हाताच्याही मागे नेऊन टेकवा. आधी पाय, मग हात उचलायचा. नजर सगळा वेळ त्याच्यावर.

6. उभं राहताच दोन पावलं मागे, वळा, पळा.

नेहमीची चूक पाचव्या पायरीत होते. पाय पुरेसा मागे जात नाही, गुडघा टेकतो, आणि माणूस अर्धवट बसलेला राहतो. कंबर कमी उचलल्यामुळे हे होतं. जाड बांध्याच्या किंवा चाळिशीपुढच्या लोकांनी आधी रिकाम्या जागेत, दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा, आठवड्याला तीनदा करावं. महिनाभरात कंबर आपोआप वर जाते. साडी नेसून हे करून बघितलं पाहिजे. पहिल्याच वेळी कळतं की निऱ्या एका हातानं गुडघ्याच्या वर गोळा केल्याशिवाय पाय मागे जात नाही, म्हणजे चेहऱ्यासमोरचा हात तिथे जाणार, म्हणजे त्याआधीच्या लाथा दुप्पट लागणार.

छातीवर कुणी बसलं असेल तर त्याचा एक हात दोन्ही हातांनी स्वतःच्या छातीशी दाबून ठेवा, त्याच बाजूचं त्याचं पाऊल आपल्या पावलानं अडवा, कंबर वर फेका आणि त्या बाजूच्या खांद्यावरून उलटा. हात किंवा पाऊल यांतलं एक जरी मोकळं राहिलं तरी तो टेकून स्वतःला सावरतो, म्हणून दोन्ही अडकवणं महत्त्वाचं. हे मात्र वाचून येणार नाही; जिउ-जित्सू किंवा कुस्तीच्या जोडीदारावर करावं लागेल.

सराव रस्त्याकडे वळवणे

तीन महिन्यांनंतर पंधरा दिवसांतून एक तास यासाठी वेगळा ठेवा. चार कसरती पुरतात.

पहिली: 10 सेकंद पॅडवर पूर्ण ताकदीनं, लगेच 60 मीटर धाव, परत चालत. सहा वेळा. पूर्ण जोराची ताकद शरीरात दहा-एक सेकंदच टिकते, त्यानंतर पाय जड होतात. तिसऱ्या धावेपासून ते कळायला लागतं.

दुसरी: जोडीदार प्रश्न विचारत जवळ येतो. दहांपैकी सात वेळा तो नुसता पत्ता विचारून जातो, तीन वेळा अचानक ढकलतो किंवा मारतो. कोणत्या वेळी ते तुम्हाला माहीत नसतं. सातही वेळा शांत, सभ्य उत्तर देऊन अंतर राखायचं. जो पत्ता विचारणाऱ्याला मारतो तो इथे नापास.

तिसरी: दोन जण विरुद्ध एक, 30 सेकंद, हलक्या हातानं. उद्देश कुणाला हरवायचा नाही. दोघांना एका रांगेत ठेवत दारापर्यंत पोचायचं. दोघांच्या मध्ये सापडलात की पुन्हा सुरुवात.

चौथी: हे सगळं महिन्यातून एकदा रोजच्या कपड्यांत. चप्पल, पाठीवर लॅपटॉपची बॅग, कुर्ता, ओढणी. बॅग किती सेकंदांत खाली टाकता येते ते आधीच बघून ठेवा.

ओरडायचाही सराव लागतो. शिकलेल्या, सभ्य घरातल्या माणसांच्या गळ्यातून पहिल्या खेपेला आवाज निघतच नाही.

चाकू, स्प्रे

1983 मध्ये अमेरिकेतले पोलीस अधिकारी डेनिस टुलर यांनी दाखवून दिलं की 21 फुटांवरचा माणूस सुमारे दीड सेकंदात अंगावर येतो. सहा मीटरच्या आत चाकूवाला असेल तर तुमच्याकडे विचार करायलाही वेळ नाही. वस्तू द्या, पळा, मध्ये गाडी, खुर्ची, टेबल, काहीही घ्या. हात पिरगळून चाकू काढण्याचे डाव मार्करनं करून बघा: जोडीदाराच्या हातात लाल स्केचपेन, अंगात जुना पांढरा शर्ट, 20 सेकंद. शर्टावरच्या रेघा मोजल्या की त्या डावांची हौस फिटते. काहीच वाट नसेल तर शस्त्राचा हात दोन्ही हातांनी मनगटाजवळ घट्ट धरून त्याच्या अंगाशी दाबणं एवढंच उरतं.

मिरीचा स्प्रे भारतात विकत मिळतो आणि जवळ बाळगता येतो. विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही. मारा साधारण 2 ते 3 मीटर. दोन विकत घ्या, एक सरावात संपवा, दुसऱ्यावरची मुदत बघत राहा. पर्सच्या तळाशी असलेला स्प्रे नसल्यासारखाच. वाऱ्याविरुद्ध किंवा लिफ्टमध्ये मारला तर तुमचेही डोळे जातील. स्वतः चाकू बाळगू नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली शहरांत शस्त्रबंदीचे आदेश निघत असतात आणि तुमचा चाकू बहुतेकदा समोरच्याच्या हाती जातो.

कायदा किती मारू देतो

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेची कलमं 34 ते 44 खासगी संरक्षणाच्या हक्काची आहेत. कलम 35 प्रमाणे स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्या कुणाच्याही शरीराचं रक्षण करता येतं. कलम 37 सांगतं की बचावासाठी गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही. कलम 38 मध्ये हल्लेखोराचा मृत्यू ओढवला तरी हक्क टिकतो असे प्रसंग दिले आहेत: जिवाचं किंवा गंभीर दुखापतीचं भय, बलात्काराच्या हेतूनं हल्ला, अपहरण, ॲसिड फेकणं वगैरे. कलम 40 खेळाडूंनी पाठच करावं: धोक्याचं वाजवी भय आहे तोवरच हक्क आहे. तो पडला, पळाला, शरण आला, त्यानंतरची एकही लाथ बचावात मोजली जात नाही.

सार्वजनिक जागी दोघं ठरवून भिडले तर ती कलम 194 ची दंगामस्ती. एक महिन्यापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यात समोरच्याचा एक दात मोडला तरी कलम 116 प्रमाणे ती 'गंभीर दुखापत' होते आणि कलम 117 खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. बचाव केला हे दाखवण्याची जबाबदारीही साक्ष अधिनियमाच्या कलम 108 मुळे आपल्यावर येते. उघडे तळवे आणि मोठ्यानं म्हटलेलं 'जवळ येऊ नका' साक्षीदारांच्या आणि सीसीटीव्हीच्या लक्षात राहतं, ते इथे कामी येतं.

झाल्यानंतरचा तास

आधी सुरक्षित जागी पोचा: पेट्रोल पंप, मेडिकल दुकान, हॉटेल. मग 112. फोनमधला आपत्कालीन पर्याय आजच सुरू करून ठेवा. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर पॉवरचं बटण पाच वेळा दाबलं की तो चालू होतो. महिलांसाठी 181 आणि 1091, मुंबईत 103.

मग दोन्ही हातांनी स्वतःचं अंग चाचपा, मान, बगला, पोट, पाठ. भीतीच्या भरात भोसकल्याचंही जाणवत नाही, ओलं लागलं की कळतं. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि वरचेवर उचलून बघू नका. डोक्याला मार असेल तर रात्री एकटं राहू नका. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, गुंगी, नाका-कानातून पाण्यासारखा स्राव यांतलं काहीही दिसलं तर तातडीनं रुग्णालय. चावा साबण आणि वाहत्या पाण्यानं नीट धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे. गळा दाबला गेला असेल तर बरं वाटत असलं तरी दाखवाच, मानेतल्या रक्तवाहिनीची इजा तासांनी, कधी दिवसांनी त्रास देते. डॉक्टरांना 'मारहाण झाली' असं स्पष्ट सांगून एमएलसी (मेडिको-लीगल केस, पोलिसांना कळवायचं प्रकरण) अशी नोंद करून घ्या. 'पडलो' सांगितलं की तोच कागद पुढे आपल्याविरुद्ध जातो.

कपडे धुऊ नका. जखमांचे फोटो त्याच दिवशी आणि 48 तासांनी पुन्हा काढा, काळंनिळं तेव्हा नीट उमटतं. आसपासच्या दुकानांत सीसीटीव्ही आहे का ते बघून पोलिसांना लगेच सांगा, रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं. हद्दीचं कारण सांगून परत पाठवलं तर नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगा. गुन्हा कुठेही घडला असो, कोणत्याही ठाण्यात नोंद करता येते. जबाब देताना क्रम तोच ठेवा जो घडला: तो काय म्हणाला, मी काय म्हणालो, मला कशाची भीती वाटली, मी काय केलं, मी कधी थांबलो. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती हातात घेऊन, वेळ आणि वर्णन वाचून मगच ठाण्याबाहेर पडा.